जुनी इंग्लिश फुलदाणी घेताना बूड सगळ्यात शेवटी बघा

जुनं इंग्लिश भांडं हातात आलं की बहुतेक जण आधी ते उलटं करतात. बुडाशी 'मूरक्रॉफ्ट' किंवा 'क्लॅरिस क्लिफ' असं नावाजलेलं नाव दिसलं की मनात खरेदी झालेली असते. मग पुढची सगळी तपासणी स्वतःची समजूत काढण्यासाठी होते. काठाला लावलेला रंग दिसत नाही, आतली चीर दिसत नाही, नक्षी कालची आहे हेही दिसत नाही. शिक्का खरा असूनही वस्तू फसवी असू शकते. खऱ्या शिक्क्याची पण मोडकी, खऱ्या शिक्क्याची पण नंतर रंगवलेली, खऱ्या शिक्क्याची पण चाळीस वर्षांनी अलीकडची, अशी उदाहरणं बाजारात भरपूर आहेत.

म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. काळ साधारण 1900 ते 1939 चा धरला आहे. तपासणीची रीत मुंबईच्या चोरबाजारात, लंडनमधल्या लिलावात आणि एखाद्या जुन्या पारशी कुटुंबाच्या कपाटातून निघालेल्या वस्तूवर सारखीच चालते.

## टप्पा 1 : आधी एकच कारखाना निवडा

"मला जुनी इंग्लिश पॉटरी जमवायची आहे" एवढ्यावर सुरुवात करू नका. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर या परगण्यात त्या काळात भांड्यांचे शेकडो कारखाने होते. प्रत्येकाची माती, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा चकाकता लेप) आणि शिक्क्यांची पद्धत वेगळी होती. निदान पहिलं वर्षभर एकाच कारखान्यावर डोळा बसवा. नवशिक्यासाठी मी तीन सुचवेन, आणि तिघांतून एकच घ्या.

मूरक्रॉफ्ट. विल्यम मूरक्रॉफ्ट 1897 मध्ये बर्सलेमच्या जेम्स मॅकिन्टायर कंपनीत रुजू झाले आणि 1913 मध्ये त्यांनी कॉब्रिजला स्वतःचा कारखाना काढला. या कामात नक्षीची बाह्यरेषा पातळ केलेल्या मातीच्या धारेनं काढतात, केकवर आयसिंगची रेघ ओढावी तशी. मधल्या जागा रंगानं भरतात आणि वरून ग्लेझ चढतो. त्यामुळे रेषा बोटाला उंच लागते आणि रंग ग्लेझच्या खाली असतो. सुरुवातीला डाळिंबाची नक्षी बघा. ती 1910 च्या सुमाराला आली आणि बरीच वर्षं चालली, त्यामुळे तुलनेला भरपूर नमुने मिळतात.

रस्किन पॉटरी. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये 1898 साली सुरू झालेला कारखाना. चालवत होते विल्यम हाउसन टेलर. यात चित्र जवळजवळ नसतंच, सगळा खेळ ग्लेझचा: एकाच रंगाचा ठिपकेदार 'सूफ्ले', चमकता 'लस्टर' आणि तीव्र आचेवर भाजलेला लाल-जांभळा-हिरवा 'हाय-फायर्ड'. टेलर 1935 मध्ये वारले आणि त्याआधी त्यांनी ग्लेझच्या कृती नष्ट केल्या. जमवणाऱ्याच्या दृष्टीनं ही सोय आहे, कारण त्या ग्लेझची हुबेहूब नक्कल करणं अवघड जातं. शिवाय बऱ्याच वस्तूंवर सालच दाबून उमटवलेलं असतं.

क्लॅरिस क्लिफ. या डिझायनर बाईंची, 1927 मध्ये न्यूपोर्ट पॉटरी या कारखान्यातून 'बिझार' या नावानं बाजारात आलेली भडक रंगांची, भौमितिक नक्षीची भांडी. इथे रंग ग्लेझच्या वर हातानं लावलेला असतो आणि नंतर कमी आचेवर भाजलेला असतो. नकला सगळ्यात जास्त इथेच आहेत, म्हणून पहिल्या खरेदीसाठी मी हा पर्याय सुचवत नाही. तरीही जीव याच रंगांवर जडला असेल तर 'क्रोकस' नक्षीपासून सुरुवात करा. कारण पुढे येईल.

> तपासा: निवडलेल्या कारखान्याबद्दल तीन प्रश्नांची उत्तरं पाठ आहेत का? भांडं चाकावर घडवलेलं की साच्यातलं? रंग ग्लेझखाली की वर? कारखाना कुठल्या सालापर्यंत चालला? तिन्ही उत्तरं येईपर्यंत पैसे काढू नका.

## टप्पा 2 : घेण्याआधी हाताळा

फोटो पाहून डोळा तयार होतो, पण वजन, काठाची जाडी आणि बुडाचा खरखरीतपणा हातालाच कळतो. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना हे सोपं आहे. लिलावाआधी मालाच्या पाहणीचे दिवस असतात. त्या दिवशी कुणीही जाऊन वस्तू हातात घेऊ शकतो, बोली लावायची सक्ती नसते. दहा खऱ्या फुलदाण्या पाठोपाठ हाताळल्या की अकरावी खोटी आपोआप खटकते. काचेआडची बघायची असतील तर स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हॅन्ली भागातलं पॉटरीज म्युझियम आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, दोन्हीकडे जा. रस्किनसाठी वेन्सबरीच्या संग्रहालयात चांगला संच आहे.

भारतात ही सोय कमी आहे. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुनी क्रोकरी विकणारी दुकानं आहेत. तिथे इंग्लिश माल येतो, पण रोजच्या वापराच्या बश्या आणि टी-सेट जास्त. तरी जा. साध्या स्टॅफर्डशायर बशीवरही ग्लेझची जाळी, टवका आणि चीर यांतला फरक शिकता येतो, आणि ती शिकवणी स्वस्त पडते.

सोबत न्यायचं सामान: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढऱ्या प्रकाशाचा छोटा टॉर्च, 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, मोजपट्टी, मऊ कापड. बोटातल्या अंगठ्या आणि मनगटावरचं कडं आधी काढून ठेवा. भांडं नेहमी दोन हातांनी, पोटाला आणि बुडाला आधार देऊन उचला. कान किंवा काठ धरून उचलू नका. जुनी जोडणी असेल तर कान तुमच्या हातात राहील आणि भरपाई तुम्हाला द्यावी लागेल.

## टप्पा 3 : तपासणी, याच क्रमाने

चार पायऱ्या आहेत: घडण, मोडतोड, नक्षी, बूड. पहिल्या तीन होईपर्यंत भांडं उलटं करायचं नाही. विक्रेता "अहो, खाली शिक्का बघा ना" म्हणेल. "बघतो" म्हणा आणि आपलं काम चालू ठेवा.

### 3.1 घडण

भांडं सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे त्याच्या उंचीला आणा. ते डुगडुगतंय का, एका बाजूला झुकलंय का ते बघा. किंचित झुकाव भट्टीतला असू शकतो आणि तो चालतो.

आता एकूण प्रमाण बघा. मान अचानक संपल्यासारखी वाटते का? फुलदाणीचा काठ फुटला की तो पूर्ण घासून सपाट करायची जुनी युक्ती आहे. अशा काठावर ग्लेझ नसतो किंवा नंतर लावलेला रंग असतो, आणि नक्षी काठापाशी मध्येच तुटते. संशय आला तर उंची मोजा आणि त्याच आकाराच्या पूर्वी विकल्या गेलेल्या वस्तूंशी ताडून बघा. झाकणाच्या भांड्यात झाकण नीट बसतं का, दोन्हींच्या ग्लेझची छटा एक आहे का, हेही याच पायरीवर बघायचं. एकाचं झाकण आणि दुसऱ्याचं भांडं अशी लग्नं बाजारात खूप लागतात.

मूरक्रॉफ्टच्या फुलदाणीत टॉर्च टाकून आतल्या भिंती बघा. चाकावर घडवताना उमटलेली वळणं पुष्कळदा दिसतात. क्लिफची भांडी साच्यातली असतात, तिथे ही खूण शोधू नका.

### 3.2 मोडतोड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आवाज. उन्हाळ्यात माठ घेताना वाजवून घेतो, तसंच करायचं. भांडं पसरलेल्या तळहातावर ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं हलकेच टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर बरं. बद्द किंवा चिरका आवाज आला तर चीर शोधायला लागा. मात्र बद्द आवाज म्हणजे चीरच, असं नाही. क्लिफची भांडी साध्या मातीची असतात, मुळातच कमी वाजतात. जाड बुडाच्या बसक्या वाडग्यांचंही तेच.

काठ. डोळे मिटून बोटाचं टोक काठावरून पूर्ण एक फेरी फिरवा. टवका उडाला असेल तर बोट अडकतं. डागडुजी असेल तर त्या जागी काठ थोडा जाड, थोडा मऊ आणि इतर भागापेक्षा कमी थंड लागतो. कारण तो भाग आता राळ आणि रंगाचा असतो. तोटी, कान जिथे जोडला ती जागा, बुडाची कडा आणि झाकणाची गुंडी, या चार ठिकाणी मोडतोड आधी होते.

ग्लेझची जाळी आणि चीर. इथे सर्वांत जास्त घोळ होतो. जाळी म्हणजे फक्त वरच्या ग्लेझला पडलेल्या बारीक रेषा. त्या एकमेकींना छेदत सगळीकडे पसरतात आणि मातीपर्यंत जात नाहीत. ग्लेझ आणि माती थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, त्यातून त्या पडतात. मूरक्रॉफ्टमध्ये जाळी सर्रास असते आणि तेवढ्यासाठी वस्तू सोडायचं कारण नाही. चीर मात्र सहसा एकटी असते, काठापासून किंवा बुडापासून निघते आणि त्याच जागी आतूनही दिसते. आत-बाहेर एकाच ठिकाणी रेघ दिसली तर ती चीरच समजा.

भट्टीतला दोष. भाजतानाच पडलेल्या भेगेत किंवा खड्ड्यात ग्लेझ उतरलेला असतो, कडा गोल असतात. नंतर पडलेल्या तड्याच्या कडा धारदार असतात आणि आत कोरडी माती किंवा मळ दिसतो. पहिल्याची किंमत थोडी घटते, दुसऱ्याची बरीच. भिंग नेमकं याच प्रश्नासाठी आणलेलं असतं.

अतिनील टॉर्च. अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन फिरवा. जुन्या डागडुजीतले गोंद आणि लॅकर बऱ्याचदा दुधट किंवा पिवळट चमकतात. पण हा निकाल एकाच बाजूनं धरायचा: चमक दिसली तर काम झालेलं आहे, दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण आताची बरीच द्रव्यं चमकतच नाहीत.

शेवटी भांडं खिडकीशी न्या आणि प्रकाश पृष्ठभागावरून तिरका येईल असं धरा. खरा ग्लेझ सगळीकडे सारखा चकाकतो. फवाऱ्यानं रंग मारलेली जागा किंचित निस्तेज किंवा उलट जास्तच गुळगुळीत दिसते, आणि तिथे जाळी अचानक थांबते. जाळी मध्येच थांबलेली दिसणं, ही मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते.

> सावधान: विक्रेत्याच्या वस्तूवर सुई, ब्लेड किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरून बघू नका. ॲसिटोननं डागडुजी विरघळते हे खरं, पण वस्तू तुमची नाही.

फुलदाणीच्या बुडाला किंवा पाठीला भोक दिसलं तर ते कशासाठी, हे विचारा. अनेक फुलदाण्यांना भोक पाडून त्यांचे टेबललॅम्प केले गेले. बुजवलेलं भोक मातीच्या गोल ठिगळासारखं दिसतं. काही लॅम्प कारखान्यातच तसे बनले. त्यांच्या भोकाच्या कडेला ग्लेझ असतो.

### 3.3 नक्षी

आता नक्षी, आणि इथे कारखान्यानुसार डोळा बदलतो.

मूरक्रॉफ्टवर नखाचं टोक बाह्यरेषेवरून फिरवा. रेष उंच लागली पाहिजे. रंग रेषेच्या आत साचलेला, कुठे गडद कुठे फिका, काही ठिकाणी शेजारच्या रंगात झिरपलेला असतो. सपाट, एकसारखा रंग दिसला तर थांबा. डाळिंबाच्या नक्षीत सुरुवातीच्या वस्तूंची पार्श्वभूमी साधारणपणे हिरवट-पिवळसर आणि ठिपकेदार असते, नंतरच्यांची गडद निळी. म्हणजे कुठला शिक्का अपेक्षित आहे याचा अंदाज बूड न बघताच बांधता येतो. हा अंदाज वहीत लिहून ठेवा. बूड त्याच्याशी जुळलं नाही, तर दोनपैकी एक गोष्ट चुकीची आहे.

रस्किनमध्ये ग्लेझ बुडाकडे कसा ओघळला आहे ते बघा. हाय-फायर्ड वस्तूंवर ग्लेझ खाली वाहून साचत असे, म्हणून कारखान्यातच बूड घासून सपाट करत. घासलेलं बूड पाहून नवे लोक घाबरतात. इथे ते नेहमीचं आहे. काठावर मात्र घासल्याची खूण चालणार नाही.

क्लिफच्या भांड्यावर कुंचल्याचे फटकारे दिसलेच पाहिजेत. रंगाच्या सपाट पट्ट्यातही फिरत्या चाकावर धरलेल्या कुंचल्याच्या रेघा असतात. क्रोकस नक्षीत प्रत्येक पाकळी एका फटकाऱ्यात ओढलेली असते, मग भांडं उलटं धरून पानांच्या बारीक रेघा काढत. त्यामुळे फटकाऱ्याची सुरुवात आणि शेवट भिंगातून स्पष्ट कळतो. नकली कामात पाकळी दोनदा गिरवलेली, थरथरत काढलेली किंवा छापील असते. क्रोकसपासून सुरुवात करा म्हटलं ते यासाठी.

अस्सल पण साधं, कोरं न्यूपोर्टचं भांडं घ्यायचं आणि त्यावर आता महागडी नक्षी रंगवायची, हा याच कारखान्याच्या मालावरचा जुना डाव. बुडाशी शिक्का खरा, माती खरी, ग्लेझ खरा. फक्त रंग परवाचा. इथे शिक्का तुम्हाला वाचवणार नाही. जुन्या वस्तूवर वापराच्या खुणा रंगावरही असतात: कानाजवळ झीज, पट्ट्याच्या कडेला बारीक पोपडे, बशीच्या मध्यावर चमच्याचे ओरखडे. ग्लेझ ओरखडलेला आणि त्यावरचा रंग कोरा करकरीत असेल, तर ओरखडे आधीचे आणि रंग नंतरचा.

### 3.4 बूड

आता उलटा. आधी शिक्का वाचू नका, बुडाची झीज बघा. शंभर वर्षं फडताळात राहिलेल्या भांड्याच्या पायाची कडा थोडी मळकट आणि अनियमित झिजलेली असते. एकाच दिशेनं मारलेले समांतर ओरखडे म्हणजे कुणीतरी सॅंडपेपर फिरवला आहे. मग शिक्का असायचा तिथे एखादा खळगा किंवा घासलेला चट्टा आहे का ते बघा. अलीकडच्या प्रतिकृतीवरचा मजकूर घालवण्यासाठी असं करतात.

मग वाचा. सगळ्या कारखान्यांना लागू पडणाऱ्या काही गोष्टी:

- 'इंग्लंड' असं लिहिलेलं असेल तर वस्तू साधारणपणे 1891 नंतरची. अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे ही खूण आली. 'मेड इन इंग्लंड' बहुतेक करून पहिल्या महायुद्धानंतरचं.
- 'आर.डी. नं.' आणि पुढे आकडा, ही डिझाइनची नोंदणी. 1884 मध्ये एकपासून सुरुवात झाली. 1900 च्या आरंभी आकडा साडेतीन लाखांच्या आसपास होता, 1920 मध्ये पावणेसात लाखांच्या, 1930 मध्ये साडेसात लाखांच्या.
- 'एस्टॅब्लिश्ड' पुढचं साल हे कारखान्याच्या स्थापनेचं असतं. भांड्याचं नाही.

> नेहमीची चूक: नोंदणी क्रमांकावरून आकार किंवा नक्षी कधी नोंदली ते कळतं. तोच आकार पुढे वीस वर्षं निघत राहिलेला असू शकतो. क्रमांक म्हणजे 'याच्या आधीचं नाही' एवढंच.

मूरक्रॉफ्टमध्ये सही साधारण 1920 पर्यंत हिरव्या रंगात आणि नंतर निळ्या रंगात मिळते. मोठ्या भांड्यावर पूर्ण सही, छोट्यावर नुसती आद्याक्षरं. 'पॉटर टू एच. एम. द क्वीन' असा मजकूर असेल तर वस्तू 1928 च्या आधीची असूच शकत नाही, कारण राजघराण्याचा तो मान त्या वर्षी मिळाला. सर्वांत मोठा सापळा आद्याक्षरांचा आहे. विल्यम 1945 मध्ये वारले आणि कारखाना मुलाकडे, वॉल्टरकडे आला. दोघांचंही आद्याक्षर 'डब्ल्यू'. 1950 ची फुलदाणी वडिलांची म्हणून विकली जाते आणि विकणारा प्रत्येक वेळी लबाड असतोच असं नाही. सहीवर आडवी रेघ मारलेली दिसली तर ती कारखान्यानं दुय्यम ठरवलेली वस्तू समजा.

क्लिफच्या बाबतीत 1985 मध्ये मिडविंटर आणि 1990 च्या दशकात वेजवुड या इंग्लिश कंपन्यांनी अधिकृत प्रतिकृती काढल्या. त्यांच्या बुडाशी तसं छापलेलं असतं. त्या प्रतिकृती म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त किंमत तशी द्या.

पुढे रॉयल डल्टन या आणखी एका इंग्लिश कारखान्याकडे वळलात तर एक सोपी युक्ती: सिंह आणि मुकुटाच्या शिक्क्याच्या उजवीकडे छोटा आकडा असेल तर त्यात 1927 मिळवा. 1 म्हणजे 1928, 12 म्हणजे 1939.

> तपासा: घडण, नक्षी आणि बूड, तिन्ही एकाच दशकाकडे बोट दाखवतात का? दोन एकीकडे आणि शिक्का दुसरीकडे असेल तर दोघांचं ऐका.

## टप्पा 4 : फोटोवरून घेत असाल तर

भारतातून घेणाऱ्यांचा बहुतेक व्यवहार असाच होतो. वर्णनातल्या शब्दांना लिलावाच्या व्यवहारात ठरलेले अर्थ आहेत. 'ए. एफ.' लिहिलं असेल तर वस्तूत दोष आहे आणि आहे तशी घ्या, असा त्याचा अर्थ. 'ॲट्रिब्यूटेड टू' म्हणजे त्यांचा अंदाज. 'इन द स्टाइल ऑफ' म्हणजे ती त्या कारखान्याची नाही. आणि वर्णनात दोषाचा उल्लेखच नसणं म्हणजे वस्तू निर्दोष असणं नव्हे. बरीच लिलावघरं 'स्थिती विचारणाऱ्यालाच सांगू' या नियमानं चालतात.

म्हणून लिलावाच्या निदान दोन दिवस आधी लेखी कळवून स्थितीचा अहवाल मागा. प्रश्न मोघम नको. "स्थिती कशी आहे?" असं विचारलंत तर "वयाच्या मानाने चांगली" असं उत्तर येईल. असं विचारा: काठावर टवका किंवा डागडुजी आहे का, चीर आहे का, अतिनील प्रकाशात पाहिलंय का, बुडाला भोक आहे का, उंची किती. फोटो हवेत ते: काठ वरून, मानेच्या आतला भाग, कानाच्या दोन्ही जोडण्या, पूर्ण बूड आणि तिरक्या प्रकाशात सर्व बाजू. फोटो देत नसतील तर ती वस्तू सोडून द्या, अशी दुसरी मिळते.

## टप्पा 5 : बोलीचा हिशोब उलटा करा

हातोडा पडतो ती किंमत तुम्ही देणार असलेली किंमत नसते. समजा बोली 200 पौंडांवर थांबली. लिलावघराचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन 25 टक्के असेल तर 50 पौंड. त्या कमिशनवर 20 टक्के व्हॅट, म्हणजे 10. ऑनलाइन मंचावरून बोली लावली असेल तर त्याचं वेगळं शुल्क. ते व्हॅटसह 6 टक्के धरलं तर 12. झाले 272. पॅकिंग, कुरियर, विमा आणि भारतात आणायचं असेल तर सीमाशुल्क अजून बाकी आहे. हे शुल्क नुसत्या वस्तूवर नाही, तर वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर आकारलं जातं. दर बदलत राहतात, म्हणून बोलीच्या आधी कुरियर कंपनीकडून लेखी अंदाज घ्या.

तर एकूण खर्चाची मर्यादा आधी ठरवा, त्यातून वरचं सगळं वजा करा आणि उरलेल्या आकड्यावर बोली थांबवा. आकडा कागदावर लिहून समोर ठेवा. लिलावाच्या भरात "अजून दहाच" म्हणणारा हात कागद बघून थोडा तरी आवरतो.

## टप्पा 6 : आणणं

बरीच लिलावघरं पॅकिंग करत नाहीत. बाहेरच्या पॅकरची यादी देतात. पॅकरला स्पष्ट सांगा: दोन खोकी, एकात एक, मध्ये सगळीकडून किमान 5 सेंटीमीटर गादी. फुलदाणीच्या पोटात मऊ कागद भरलेला, पण ठासून नाही. झाकण वेगळं गुंडाळलेलं. भांड्याला थेट टेप किंवा वर्तमानपत्र लागू देऊ नका. टेपनं वरचा रंग निघतो, शाई जाळीत शिरते. खोकं उघडताना अखंड व्हिडिओ काढा. विम्याचा दावा त्यावरच टिकतो.

> सावधान: शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू भारतातून बाहेर नेण्यावर 1972 च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत. 1915 ची फुलदाणी लंडनहून पुण्याला आणली आणि पुढे मुलीकडे परत इंग्लंडला पाठवायची ठरली, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. खरेदीचं बिल आणि आयातीचे कागद त्यासाठी कायम जपा.

## टप्पा 7 : घरी आल्यावर

धुवायची घाई करू नका. क्लिफच्या भांड्याचा रंग ग्लेझच्या वर असतो, लस्टरची चमकही वरच्या पातळ थरात असते, आणि डागडुजी कोमट पाण्यानंही सुटू शकते. आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा. धुणं गरजेचंच असेल तर प्लॅस्टिकच्या टबात, तळाशी टॉवेल घालून, कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे दोन थेंब. घासणी, लिंबू, व्हिनेगर, पीतांबरी, यातलं काही नको. डिशवॉशर तर नाहीच.

जाळीतले तपकिरी डाग घालवायला ब्लीच वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो ऐकू नका. ब्लीचचे क्षार मातीत शिरतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि ते आतून ग्लेझ उचलून टाकतात. डाग राहू द्या.

या भांड्यांत खाण्याचे पदार्थ ठेवू नका. त्या काळच्या अनेक ग्लेझमध्ये शिसं असे, आणि लोणचं, चिंचेची चटणी, सोलकढी असल्या आंबट पदार्थांनी ते बाहेर येतं. फुलदाणीत फुलं ठेवायचीच असतील तर आत काचेचा ग्लास ठेवून त्यात पाणी घाला. जाळी पडलेलं भांडं पाणी पितं आणि बुडातून पाझरतं.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद कपाटातला दमटपणा जाळीत मळ आणि बुरशी बसवतो. कपाट आठवड्यातून एकदा उघडं ठेवा, भिंतीपासून थोडं पुढे ओढा. फडताळावर भांडी एकमेकांना टेकू देऊ नका. बश्या टांगण्यासाठी स्प्रिंगच्या पकडी मिळतात, त्या काठावर सतत ताण देतात. त्यापेक्षा लाकडी स्टँड बरा.

## टप्पा 8 : नोंद

प्रत्येक वस्तूसाठी एक पान: खरेदीची तारीख, कुणाकडून, एकूण खर्च, उंची, नक्षीचं नाव, शिक्क्याचा फोटो, आणि घेताना दिसलेला प्रत्येक दोष. दोष लिहायला लोक टाळतात. पण पुढे कधी विकायला काढलीत किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली, तर कुठला टवका आधीचा आणि कुठला नंतरचा हे त्या पानावरूनच कळेल. क्रमांकाची चिठ्ठी चिकटवू नका; कागदावर पेन्सिलनं लिहून भांड्याच्या आत टाका. नोंदीची एक प्रत घराबाहेर, मुलाकडे किंवा बहिणीकडे ठेवा.